प्रोटीन : भरपूर

बापूंनी केलेला चहा कपातून बशीत ओतला तर लगेच पडत नाही, थोडा विचार करून पडतो. "अर्धाच द्या" म्हटलं तर त्यांना ऐकू जात नाही. अर्धा कप ही वस्तू राणीसावरगावात असेलही, त्यांच्या घरात नाही. पाहुण्याच्या कपात काठाखाली बोटभर जागा राहिली, तर तेवढंच देणाऱ्याचं मन रिकामं, असं हे घराणं मानतं.

बापू हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं सांगितलं तर गंगाखेड तालुक्यातली निम्मी माणसं जेवणाची वेळ साधून त्यांच्या दारात उभी राहतील. उरलेली निम्मी आत्ताही राहतात.

राणीसावरगाव म्हणजे परभणी जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचं, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातलं, रेणुकादेवीचं गाव. नवरात्रात तिथं माणूस लोटतं, आणि माणूस लोटलं की पंगती बसतात. बापू मिसरूड फुटायच्या आधीपासून पंगतीतले वाढपी. हिशेबी वाढपी वरणाच्या बादलीत ओगराळं वरच्या वर बुडवतो आणि पिवळं पाणी पत्रावळीवर सोडून पुढं सरकतो. बापूंचं ओगराळं तळाला लागल्याचा आवाज येतो. डाळ तेवढी वर येते. कुणी "बास" म्हणायला तोंड उघडलं की त्यांना "वाढा" ऐकू येतं, आणि पत्रावळीवर आडवा हात धरला तर ते हातावर वाढतात. गावात हा गुण गणला जातो. मलाही तो गुणच वाटला असता, पण माझी त्यांची ओळख पंगतीत झाली नाही, प्रयोगशाळेत झाली.

1990 चं दशक संपत आलं होतं. मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात आम्ही एकाच सरांच्या हाताखाली होतो. बापू पीएचडीला, मी एमएस्सीला. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर. लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कातरीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची आणि एका खाचेला एक मात्रा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आमच्या घरी तेलसुद्धा बुधलीला बोट पुसून वाढायचे. बापूंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'कंपाउंडर' ठेवलं. ते अजून तसंच आहे; माझ्या मुलीच्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरही त्यांनी तेच लिहिलं होतं.

सरांनी आम्हाला ज्वारी दिली होती. परभणीत बसून दुसरं काय देणार? ज्वारीला मोड आला की दाण्यातल्या पिठुळाची साखर व्हायला लागते. मोड आलेलं धान्य चावलं की जरा गोड लागतं ते यामुळं. हे काम अमायलेज नावाचं विकर करतं. शाळेच्या पुस्तकात विकर, आमच्या लॅबमध्ये एंझाइम. गंमत अशी की एका दाण्यात अमायलेज एकच नसतं, त्याची दोन-तीन भावंडं असतात. काम एक, आडनाव एक, पण अंगावरचा विजेचा भार वेगळा, आकार जरा वेगळा. यांना आयसोएंझाइम म्हणतात. हा शब्द मार्कर्ट आणि म्योलर यांनी 1959 मध्ये रूढ केला. भावंडं वेगवेगळी उभी करून मोजायची, एवढंच आमचं काम. एका घरातले भाऊ एकमेकांपासून वेगळे करायचे असले तर गावात तलाठी लागतो. लॅबमध्ये जेल लागते.

ही जेल म्हणजे काचेच्या दोन तावदानांमध्ये गोठवलेली पातळ वडी. ती गोठायच्या आत वरून प्लॅस्टिकचा कंगवा खोचायचा. त्याला खरंच कंगवाच म्हणतात, आणि आमच्या कंगव्याला दहा दात होते. गोठल्यावर कंगवा काढला की दहा खाचा उरतात. एकेका खाचेत सँपल सोडायचं आणि वीज लावायची. ज्याच्यावर भार जास्त आणि अंग आटोपशीर, तो पुढं पळतो. बाकीचे मागं रेंगाळतात. दोन-तीन तासांनी वीज बंद करायची, जेल काढून आयोडिनच्या पाण्यात बुडवायची. आमच्या जेलमध्ये स्टार्च, म्हणजे तेच पिठूळ, मिसळलेलं असे, त्यामुळं सगळी वडी निळीकाळी होई. फक्त जिथं अमायलेज बसलेलं असेल तिथलं स्टार्च त्यानं खाल्लेलं, म्हणून तिथं पांढरा पट्टा. काळ्या पाटीवर खडूनं आडव्या रेघा माराव्यात तसं दिसायचं. माझ्या जेलवर तरी.

एका खाचेत किती सँपल सोडायचं? वीस मायक्रोलिटर. साधा थेंब पन्नासेक मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे हे अर्ध्या थेंबाहूनही कमी. त्या वीस मायक्रोलिटरमध्ये प्रोटीन किती असावं, तर वीस-तीस मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा बापूंचा चेहरा पडला. त्यांनी मायक्रोपिपेट हातात घेऊन टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कंपाउंडर, येवढं तर मुंगीला बी पुरायचं न्हाई. कुनाला दिसंल हे?"

"दिसण्यासाठीच कमी टाकायचं, बापू."

"खुळा हैस. कमी टाकल्यावर जास्ती दिसतंय व्हय कुठं?"

आता बापूंची कृती सांगतो. मोड आलेले दाणे थंड बफरमध्ये खलबत्त्यात वाटायचे, हे वाटण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. मी दोन ग्रॅम दाण्याला दहा मिलिलिटर बफर घ्यायचो. बापू दहा ग्रॅमला तेवढंच घ्यायचे आणि येसरावाणी कुटायचे. आमचं सेंट्रिफ्यूज जर्मन बनावटीचं होतं. "जगात जर्मनी, भारतात परभणी," बापू नळ्या ठेवताना म्हणायचे, "दोघांची गाठ पडायली, आन् मधी पाणी कामून घालायचं?" एवढ्यावर भागलं नाही, म्हणून मग त्यांनी त्या पाण्यात अमोनियम सल्फेट टाकून प्रोटीन साक्यासारखं खाली बसवलं आणि अगदी थोड्या बफरमध्ये पुन्हा विरघळवलं. बासुंदी आटवावी तसं ते आटवलेलं सँपल तपकिरी, चिकट, आणि त्या सल्फेटचं मीठ नीट न काढल्यामुळं खारट. खारट होतं हे चाखून सांगत नाही, जेलवर कळलं.

जेलवर चढवण्याआधी प्रोटीन मोजायचं असतं. ब्रॅडफर्ड यांनी 1976 मध्ये दिलेली सोपी रीत आहे: तपकिरी झाकेचा रंग प्रोटीन भेटलं की निळा होतो, जितकं प्रोटीन तितका निळा, आणि निळेपणा यंत्रावर वाचायचा. पण ही रीत ठरावीक मर्यादेपर्यंतच खरं बोलते. त्याच्या वर गेलं की निळा अजून निळा होऊन होऊन किती होणार? बापूंच्या नळीत शाईची दौत उपडी झाल्यासारखं झालं. यंत्राचा काटा शेवटाला टेकला. अशा वेळी सँपल पातळ करून पुन्हा मोजायचं आणि जितक्या पट पातळ केलं तितक्यानं गुणायचं, हे बापूंना माहीत होतं. पण जे आटवायला दोन दिवस घातले त्यात पाणी घालणं म्हणजे गवळ्याचा धंदा. त्यांनी वहीत रकाना भरला. तो मी स्वतः वाचला आहे.

प्रोटीन : भरपूर.

मग खाचेत वाढणं. वाढणंच ते. आम्ही बाकीचे सँपल भरताना श्वास रोखतो, टिप काचेला टेकवून हळू सोडतो. बापू तिथं वाकून, डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार देऊन, अगदी देवीच्या पंगतीत बसलेल्या म्हाताऱ्याला वाढावं तशा मायेनं वाढायचे. वीस झाले, तीस झाले, खाच भरून शेजारच्या खाचेत ओघळ गेला. "शेजाऱ्याला बी मिळू दे," असं ते म्हणाल्याचं आठवतं.

उन्हाळ्याचे दिवस. परभणीच्या उन्हाळ्यात एंझाइमची जेल चालवायची म्हणजे आधी बर्फ पाहिजे, नाहीतर ते वाटेतच मरतं. फ्रिजमधला बर्फ भारनियमनानं पाणी झालेला. बापू कोपऱ्यावरच्या रसवंतीतून पाच किलोची लादी खांद्यावर घेऊन आले. एक किलो पुरला असता.

त्या संध्याकाळी आयोडिनमधून जेल बाहेर काढली आणि आम्ही चौघं-पाच जण भोवती उभे राहिलो. माझ्या तीन खाचांखाली बारीक पांढऱ्या रेघा होत्या, पण त्या वाकड्या, एका अंगाला दबलेल्या. कारण पलीकडं बापूंच्या पाच खाचांमधून एक पांढरा पूर उतरला होता. खाचेच्या तोंडाशी प्रोटीनचा गठ्ठा अडकलेला, तिथून खाली पट्ट्याला पट्टा लागलेला, मधे काळी रेघ नावाला नाही. सँपलमधल्या जास्तीच्या मिठानं विजेची वाट बदललेली, म्हणून कडा फुगलेल्या आणि शेजारी चेपलेले. शिवाय एवढं अमायलेज एका जागी बसलं की ते आपल्या जागेपुरतं खाऊन थांबत नाही, आजूबाजूचं स्टार्चही खात सुटतं. पट्ट्याची जाडी दर मिनिटाला वाढते. आम्ही बघत होतो तेवढ्यात पूर आणखी रुंदावला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय आहे?"

"ॲक्टिव्हिटी, सर," बापू अभिमानानं म्हणाले.

"तुला भावंडं वेगळी करायला सांगितलं होतं. तू तर एकत्र कुटुंब घेऊन आलास."

या विद्येचा उगम सरांनी त्याच संध्याकाळी सांगितला, बहुधा बापूंना जरा बरं वाटावं म्हणून. ऑलिव्हर स्मिथीज हा इंग्रज माणूस कॅनडात टोरांटोला प्रोटीन वेगळं करण्याच्या खटपटीत होता आणि त्याला नीट वेगळं होईल असं माध्यम सापडत नव्हतं. त्याला आठवलं की लहानपणी घरी आई वडिलांच्या सदऱ्यांना खळ घालायची, आणि उरलेली खळ थंड झाली की थिजून वडी व्हायची. त्यानं बटाट्याच्या स्टार्चची वडी केली, तिच्यातून प्रोटीन पळवलं आणि 1955 मध्ये ते छापलं. दोनच वर्षांत हंटर आणि मार्कर्ट यांनी तसल्याच वडीवर एंझाइमचे पट्टे रंगवून दाखवले. स्मिथीजना पुढं 2007 मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र उंदरांच्या जनुकांवरच्या कामासाठी. आमच्या वेळी ते मिळायचं होतं, तरी बापूंनी गोष्ट ऐकून एक तक्रार नोंदवलीच: "आमची माय बी धोतराला खळ घालती, सर. खळ लई दाट असती तिची. धोतर काढून ठिवलं तर हुबं ऱ्हातंय."

दाट हा शब्द ऐकून सर काय ते समजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूंना शिक्षा दिली. दहा खाचांची एक आख्खी जेल, तिच्यात एकच सँपल. पहिल्या खाचेत जसंच्या तसं. दुसऱ्यात निम्मं पाणी घालून दोन पट पातळ. तिसऱ्यात त्याचं निम्मं, चार पट. मग आठ, सोळा, बत्तीस, असं दहाव्या खाचेपर्यंत, तिथं पाचशे बारा पट. बापूंनी एकेक निम्मं करताना असा चेहरा केला की जणू भाऊबंदकीत शेत वाटायला काढलंय.

आणि जेल निघाली तेव्हा त्यांनीच ते बोलून दाखवलं. पहिल्या दोन खाचांखाली तोच पूर. तिसऱ्या-चौथ्यात पुराला कमर आलेली, पट्टे आहेत असा संशय यावा इतपत. पाचव्यात, म्हणजे सोळा पटीला, तीन पट्टे स्वच्छ वेगळे, मधे काळी जागा. सहाव्यात तीनच, पण खालचा पट्टा फिका. सातव्या-आठव्यात दोन. नवव्यात एक. दहावी खाच कोरी, निळीकाळी, तिथं कधी कुणी आलंच नव्हतं अशी.

बापू बराच वेळ जेलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही तर आमच्या घराची वंशावळ झाली, सर. पणज्याला सगळं शिवार. आज्याला निम्मं. बापाला त्याचं निम्मं. मला दोन एकर. माझ्या नातवाच्या हाती कोरा सातबारा."

"हो," सर म्हणाले, "पण पणज्याच्या शिवारात बांध कुठं दिसतोय? बांध दिसतो तो तुझ्या दोन एकरात."

माझ्या मते हे वाक्य पाठ्यपुस्तकात घालायला हवं. आमच्या पाठ्यपुस्तकात याच गोष्टीला सहा ओळींचं वाक्य होतं आणि ते परीक्षेपुरतंही पाठ झालं नाही.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की बापू चुकले, कंपाउंडर जिंकला. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी महिनाभर तसा वागलोही. माझं काम ज्वारीचे दोन वाण ताडून बघण्याचं होतं. माझ्या जेला देखण्या निघायच्या. पट्टे इतके बारीक, इतके सुटे, की कुणी पट्टी धरून ओढलेत असं वाटावं. त्यावरून मी लिहून मोकळा झालो की पहिल्या वाणात तीन अमायलेज आहेत, दुसऱ्यात दोनच. तिसरं त्याच्यात नाही. फरक सापडला. माझ्यासारख्या एमएस्सीच्या पोराला फरक सापडणं म्हणजे घबाड.

त्या दिवशी बापूंच्या जेलवर एक खाच रिकामी राहात होती. रिकामी खाच आणि रिकामी पत्रावळ बापूंना बघवत नाही. माझ्या दुसऱ्या वाणाचं सँपल बर्फात पडलेलं होतं, ते त्यांनी उचललं आणि न विचारता, पाणी न घालता, सगळंच्या सगळं त्या खाचेत ओतलं. संध्याकाळी वर नेहमीचा पूर. पण पुराच्या बराच खाली, जिथं पूर पोचलेला नव्हता, तिथं एक पुसट, पण सरळ, पांढरी रेघ. माझा तिसरा पट्टा. ज्याला मी कागदावर नाही म्हणून जाहीर केलं होतं.

तो पट्टा त्या वाणात होताच, फक्त कमी होता. मी सँपल इतकं पातळ केलं होतं की मोठी दोन भावंडं छान दिसली आणि धाकटं आयोडिनला दिसण्याच्या खाली गेलं. बापू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दिसंना म्हंजी न्हाई, आसं नसतंय, कंपाउंडर. मागल्या पंगतीला बसलेलं बी जेवायलाच आलेलं असतंय." आणि ते हसले, पण मला हसू आलं नाही. कारण हीच रीत बियाण्याच्या शुद्धतेच्या तपासणीतही वापरतात; दोन वाणांच्या संकरातून आलेल्या दाण्यात आईबापाचे दोघांचेही पट्टे दिसले पाहिजेत. एक पट्टा दिसला नाही की दाणा संकरित नाही असं ठरतं. माझ्यासारख्या काटकसरी हातानं तपासलं तर चांगली पिशवी बोगस ठरायची. आणि बापूंच्या हातानं तपासलं तर बोगस पिशवी चांगली, कारण पुरात सगळ्यांचेच पट्टे असतात. आमच्याकडं पेरणीच्या तोंडावर बोगस बियाण्याची बोंब ज्यानं ऐकली आहे, त्याला यातलं गांभीर्य सांगायला नको.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये नियम झाला. प्रत्येक सँपलचं प्रोटीन नीट मोजायचं, सगळ्यांचं सारखं करायचं, आणि मग एकच सँपल दोन खाचांत भरायचं: एक पातळ, ठळक पट्टे सुटे दिसावेत म्हणून; एक घट्ट, पुसट पट्टा सापडावा म्हणून. वहीत आम्ही त्यांना 'कं' आणि 'बा' लिहायचो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ही अक्षरं कशाची म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी विषय बदलला.

बापूंची पीएचडी झाली. उशिरा झाली, पण प्रबंध एवढा जाड झाला की बांधणीवाल्यानं दोन भाग करायला सुचवलं. नोकरी केली, आता गावी शेती बघतात. मधली वर्षं मी सोडून देतो, त्यांत दोघांच्याही आयुष्यात जेलवर दिसेल असं काही घडलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. बापूंच्या पोटात मध्यरात्री कळ उठली होती, पाठीपर्यंत जाणारी; लग्नाच्या पंगतीहून आले आणि आडवे झाले. परभणीत एका दवाखान्यात भरती केलं होतं. मी पोचलो तेव्हा ते सलाइन लावून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते आणि पायथ्याशी लॅबचा तरुण टेक्निशियन रिपोर्ट घेऊन उभा होता.

"सिरम अमायलेज खूप वाढलंय," तो पुतण्याला सांगत होता. "मशीननं पहिल्यांदा आकडाच दिला नाही. मग सँपल डायल्यूट करून लावलं."

पलंगावरून क्षीण आवाज आला. "किती पट?"

पोरगा दचकला. "दहा पट, काका."

"पुरलं का दहानं?"

"नाही. पुन्हा करावं लागलं."

वेदनेत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ज्या एंझाइमपायी उमेदीची वर्षं घातली, तेच त्यांच्या रक्तात इतकं झालं होतं की यंत्राला झेपेना. यंत्राला का झेपत नाही, हे बापूंनी आम्हाला एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात त्यांच्या पद्धतीनं शिकवलं होतं: पातेल्यात वरण ठरलेलं असतं. जेवणारे पन्नास असतील तर अर्ध्या तासात किती संपलं त्यावरून माणसं मोजता येतात. जेवणारे पाचशे बसवले, तर वरण पाच मिनिटांत संपतं आणि उरलेली पंचवीस मिनिटं सगळे नुसते बसून राहतात. बाहेरून घड्याळ घेऊन मोजणाऱ्याला वाटतं, फार कुणी खाईना वाटतं. एंझाइम जेवणारे, अभिकर्मकातलं द्रव्य हे वरण. म्हणून अती घट्ट सँपल कधी कधी उलट कमी आकडा दाखवतं. चांगलं यंत्र अशा वेळी खूण करून सांगतं, आणि चांगला टेक्निशियन ती खूण बघून पातळ करतो. या पोरानं ती बघितली होती.

"लाळेचं हाय का स्वादुपिंडाचं?" बापूंनी डोळे मिटूनच पुढचा प्रश्न केला. अमायलेज दोन्हीकडून रक्तात येतं. गालफुगीत लाळेचं वाढतं, स्वादुपिंड सुजलं की त्याचं. "पट्टे काढले का?"

"तसं आता नाही काढत, काका. सोबत लायपेज बघतो, त्यावरून कळतं."

"बरं करता," बापू म्हणाले. "पट्टे काढलं आसतं तर माझा पूर आला आसता."

पित्ताशयातला खडा निघाला, शस्त्रक्रिया झाली, बापू बरे झाले. डॉक्टरांनी घरी सोडताना पथ्य सांगितलं: तूप-तेल अगदी कमी, एका वेळी थोडं, काही दिवस सगळं पातळ. मुगाचं पाणी, भाताची पेज. वहिनींनी पहिल्यांदा वाटीत मुगाचं पाणी आणून ठेवलं तेव्हा मी तिथं होतो. बापूंनी वाटी तिरपी केली, तळ दिसतोय का ते पाहिलं. दिसत होता.

"कितव्या खाचंतलं हाय गं हे?" त्यांनी विचारलं.

वहिनींना काही कळलं नाही. मी म्हणालो, "नववी असेल, बापू."

"दहावी," बापू म्हणाले आणि पिऊन टाकलं.

आता ते स्वतः बेतानं जेवतात. इतरांच्या बाबतीत मात्र पथ्य नाही. नवरात्रात राणीसावरगावला पंगतीला बसायचा योग आला आणि वरणाची बादली घेऊन पांढऱ्या मिशांचा, जरा वाकलेला, डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार देणारा माणूस तुमच्याकडे येताना दिसला, तर पत्रावळीवर हात आडवा धरू नका, भाजेल. उठून पलीकडच्या रांगेत बसा. तिकडं त्यांचा पुतण्या वाढतो, आणि त्याला "अर्धं" ऐकू येतं.